दामिनीच्या परीक्षेत शेषेरावाचा बांध

उदगीर, गुरुवार

राजशेखरअण्णांना शिवप्पाचे शरणु शरणार्थी. लातूरला सगळी खुशाली असेल, वहिनींचा गुडघा आता वळत असेल. इकडे तब्येती बऱ्या आहेत. फक्त मंगळवारी माझं तोंड उघडं पडलं ते अजून मिटत नाही.

तुमची भाची, म्हणजे आमची लेक दामिनी, नांदेडला डॉक्टर झाली (औषधाची नव्हे, भौतिकशास्त्राची). पाच वर्षं ती 'दोन मितींच्या क्षेत्राच्या सीमेवरच्या अटी, भूमितीच्या अंगानं' असलं काहीतरी शिकून राहिली होती. क्षेत्र, सीमा, भूमिती म्हटल्यावर माणसाला काय वाटेल? मला जमिनीची मोजणी वाटली. म्हणून तिच्या तोंडी परीक्षेला मी आपल्या शेतशेजारी शेषेरावाला मुद्दाम जीपमध्ये घालून नेलं. बांधावरून आमचं अकरा वर्षांचं वैर. म्हटलं, पोरीचं ऐकून तरी गार पडेल.

तिनं फळ्यावर वर्तुळ काढलं आणि ताणून ताणून त्याचं अर्धं मैदान केलं. म्हणाली, लांबी-रुंदी बदलली तरी चालतं, कोन तेवढे राखायचे. अण्णा, मला दरदरून घाम फुटला. शेतकऱ्याची लेक, आणि चार प्रोफेसरांसमोर सांगते की क्षेत्रफळाचं काही नाही. शेषेराव मिशीत हसून राहिला. मग तिनं हलगीचं सांगितलं: कातडं कडेला आवळलं तर एक नाद, कड मोकळी सोडली तर दुसरा, कातडं मात्र तेच.

शेवटी कुणाला काही विचारायचंय का म्हटल्यावर शेषेराव उभा राहिला. (मी त्याचं धोतर ओढलं. सुटता सुटता राहिलं.)

"बाई, काठावर कुणी वाट्टेल ती अट घातली तर?"

"टिकत नाही, काका. आतल्या नियमाला झेपेल तीच टिकते."

प्रश्न चांगला आहे म्हणून बाहेरगावच्या परीक्षकांनी मान डोलावली. परतीच्या वाटेवर जीपनं कंधार ओलांडलं. तेव्हा शेषेराव खिडकीबाहेर बघतच म्हणाला, बांध आहे तिथंच राहू द्या. तुमची बैलं माझ्या कडेनं जातील, आमच्या घरची सुमनबाई तुमच्या विहिरीवर घागर भरेल. मी 'हाव, होऊ द्या' म्हणालो. कसं म्हणालो, कुणास ठाऊक. दोन वकील थकले होते, अण्णा.

आपला,
शिवप्पा

ता.क. दामिनीला दोन वर्षांसाठी जर्मनीचं बोलावणं आलंय. ती जाणार आहे. महादेवीला अजून सांगितलेलं नाही. तुमची धाकटी बहीण, तुमचंच ऐकते. रविवारी येऊन तेवढं तिच्या कानावर घाला.

आणखी एक. रविवारी मी घरी नाही, किनवटला लग्नाला जाणार आहे. लग्न कुणाचं, ते शोधून राहिलोय.