स्कूटर कुठे असते?

५ फेब्रुवारी, बुधवार. अकोला

बाबा गेले! विपश्यनेच्या शिबिराला, दहा दिवस. मौन पाळायचं, फोन जमा. एस.टी. वळणावर दिसेनाशी झाली आणि मी अश्विनला फोन लावला — टेम्पो आण.

संध्याकाळी बाबांची स्कूटर अमरावतीला, कॉलेजच्या हॉलमध्ये. बाबांना एवढंच माहीत की पंधरा-सोळाला आमचं प्रदर्शन आहे. स्कूटरचं विचारलं नाही. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते! शेजारचे देवमनकाका फाटकात उभे होते. "किसनरावले मालूम हाय का वं?" मी हो म्हणाले. तोंड वर करून!

७ फेब्रुवारी, शुक्रवार. अमरावती

माझं तत्त्वज्ञान, अश्विनची चित्रकला. दोघांच्या एम.ए.चं मिळून एकच काम करा, असं प्राजक्ता मॅडमनी सुचवलं तेव्हा मीच उड्या मारल्या होत्या. चाकं काढली, हँडल काढलं, इंजिन काढलं — मग स्कूटर कुठे असते? बौद्ध दर्शनात हा प्रश्न रथाबद्दल विचारतात. आमच्या घरी रथ कुठला? स्कूटर आहे.

अश्विनने पहिला नट फिरवला. पांढऱ्या चादरीवर एकेक भाग मांडत गेला. पुढच्या सीटमागची कडी निघाली तेव्हा मी बाहेर जाऊन उभी राहिले. आई ती कडी धरून बसायची. बाबांना धरायची नाही, लाजायची. शेवटचं दवाखान्यात गेली तीही कडी धरूनच.

तेव्हापासून स्कूटर बंद आहे. बाबा तरी रोज सकाळी पुसतात.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बाबा रागावले की ओरडत नाहीत. जेवण सोडतात. आई गेली तेव्हा बीपीच्या गोळ्याही सोडल्या होत्या. — हे मला आत्ता आठवतंय!

१५ फेब्रुवारी, शनिवार

उद्घाटन झालं. मॅडम खूश. लोक चादरीभोवती फिरतात, वाकून बघतात, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. मला घास गेला नाही.

उद्या शिबिर सुटेल. बाबा सरळ अकोला गाठतील. परवा मेकॅनिक बोलावलाय, तो जोडून देईल. देवमनकाकांना सांगून ठेवलंय, विचारलं तर सर्व्हिसिंगला दिली म्हणा. बंद स्कूटर सर्व्हिसिंगला! पण दुसरं काही सुचेना.

१६ फेब्रुवारी, रविवार

मेले! मेले मी!

दुपारी मेसमधून परत आले तर चादर अर्धी रिकामी. अश्विनने पाटी लावलेली — 'आवडेल तो भाग घरी न्या.' मला न सांगता!

"काहून चिल्लावून राहिली? भाग चालले, तरी लोकं स्कूटरच म्हनून राहिले. हेच तं दाखवाचं होतं न आपल्याले!"

मी चप्पल फेकली. खरंच फेकली, त्याच्या खांद्याला लागली. त्याला हे कुणाचं आहे ते माहीत होतं. आईचंही माहीत होतं.

कार्ब्युरेटर गेला. दोन्ही आरसे, हॉर्न. एका मुलीने किक नेली. कडी कुण्या काकांनी — वर्तमानपत्रात गुंडाळून. कुठले काका? "मले काय मालूम? गर्दी होती." फाटकापर्यंत धावले, रस्त्यावर दोन्ही बाजूंना बघितलं. कुणाच्याही हातात वर्तमानपत्र दिसलं की मागे जात होते. नाही मिळाली.

संध्याकाळी बाबांचा मेसेज — 'पोचलो.' एवढाच. फोन करायची हिंमत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार. अकोला

मेकॅनिकला नको सांगितलं. तो जोडणार काय? उरलेलं पोत्यांत भरून आणलं. बाबा अंगणात उभे राहून पोती उतरताना बघत होते. मी शेवटचं पोतं खाली ठेवलं. ते आत निघून गेले.

ताट वाढलं, झाकून ठेवलं, पुन्हा गरम केलं. जेवले नाहीत. गोळीही तशीच. आई, मी काय करून बसले गं!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांनी गोळी मागितली. पाणी द्यायला खोलीत गेले, तर आईच्या फोटोखाली वर्तमानपत्र उलगडलेलं. त्यावर कडी. पुसलेली.

"त्या पोट्ट्याले इचारून आनली," बाबा म्हणाले. "तुह्यावानी नाही."