लंगडीचा कोपरा

३ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचल्याचं पत्र मिळालं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा घराबाहेर पडलीस ती थेट आमच्या पाणथळीवर, फार बरं वाटलं. तिकीट खिडकीवरच्या बाई अजून तुझी चौकशी करतात.

त्या दिवशी मी गप्प गप्प होतो. तुझ्या आनंदावर विरजण नको, म्हणून बोललो नाही. आमची लंगडी यंदा आलेली नाही. करकोच्याची मादी, डाव्या पायाने अधू. चार हिवाळे ती थव्यापासून लांब, लव्हाळ्याच्या कोपऱ्यात एकटी उभी राहायची. मी रोज सकाळी तिथे दुर्बीण लावतो. कोपरा रिकामा. साहेब म्हणतात, पंधरा तारखेला नोंदवहीत ‘परतली नाही’ असं लिहून टाक. हात धजत नाही, ताई.

लोभ आहेच, गुडघा जप.
तुझा धाकटा

८ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. आ.

शहाणाच आहेस! लंगडीबद्दल तेव्हाच बोलला असतास तर? तू चहा आणायला गेलास तेव्हा मी मचाणावरून थवाच न्याहाळत होते. तीस वर्षं लोकांच्या पँटी शिवल्या, कुणाचा पाय कुठे कमी पडतो ते मला लांबूनही कळतं. थव्याच्या ऐन मधोमध एक पाखरू डावा पाय आधी लांब करून मग टेकवत होतं, हुबेहूब माझ्यासारखं. मला हसू आलं, म्हणून लक्षात राहिलं. शेजारी दुसरं होतं. हे थांबलं की तेही थांबायचं.

तू आपला कोपराच बघत बसलास. पन्नाशीपर्यंत एकटा राहिलास ना, दुसरं काही सुचायचंच नाही तुला. उद्याच्या उद्या मधोमध बघ. आणि तो चहा बाईंनीच करून दिला होता, हे मला कळलं नाही असं समजू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस, पत्रं मात्र लांब लिही.
ताई

१२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आहे गं, आहे! अगदी मधोमध, आणि जोडीदार बरोबर. मला इतकं भरून आलं की दुर्बिणीतून काही दिसेना. नोंदवहीत लिहिलं, लंगडी आली, सोबत एक. साहेबांनी सही केली.

धावत जाऊन आधी बाईंना सांगितलं. त्याच भरात विचारून बसलो, रोज दुपारचा डबा एकत्र खायचा का. त्या म्हणाल्या, चार हिवाळे लागले होय विचारायला!

यापुढे तुझा लोभ दोघांना पुरवावा लागेल, तयारीत राहा.
तुझा धाकटा