शेवटच्या कागदावरचं भोक

उस्ताद, सलाम.

तुम्ही गेलात त्याला सहा महिने झाले आणि तुम्हाला लिहायला आज बसलो. पोलीस लाइनीत आपली घरं चार दारांवर होती, तेव्हा लिहायची गरज नव्हती. विचारायची होती, ते मी केलं नाही. काल तुमच्या त्या जुन्या एसएलआर रायफलनं तीन हत्यारांची स्पर्धा खेळलो. खांदा अजून ठणकतोय. म्हटलं, ठणका आहे तोवर लिहून टाकावं.

हसू नका! सगळे हसून झालेत. आधी पिस्तूल, मग कार्बाइन, मग रायफल, मधे पळायचं आणि घड्याळ चालूच. बाकीच्यांच्या हातात नवी हलकी रायफल, आणि मी शस्त्रागारातून ते जुनं लाकडी धूड मागितलं. तिथला जमादार म्हणाला, "हवालदार, स्पर्धेला चाल्लाव का म्युझियमला?"

कारण सांगतो. तुमच्या चाळिसाव्याला नेकनूरला तुमच्या घरी आलो होतो. तुमच्या नसीमानं ट्रंकेतून घडी केलेला कागद काढला. "अब्बानं ह्याला कुनाला हात लावू दिला न्हाई. तुमच्या कामाचा हाय का बगा, भाऊ."

उघडल्याबरोबर ओळखला. अकरा वर्षांपूर्वीची तुमची शेवटची स्पर्धा. तुम्ही शेवटचे नेमबाज, मी भोकं मोजणारा मार्कर. निशाण्याच्या प्रत्येक कागदावर दोन गोळ्या लागायला हव्यात. एक हुकली की वेळेत दहा सेकंद वाढतात. तुमच्या शेवटच्या कागदावर एकच भोक होतं, जरा मोठं, कडेला फाटलेलं. मी तिथूनच ओरडलो, "एक मिस!" पहिले होतात, तिसरे झालात. तुम्ही एवढंच म्हणालात, "तो कागद दे बे इकडं." मला वाटलं, आठवण म्हणून मागताय.

नसीमानं दिला तेव्हा त्या भोकाभोवती पेन्सिलीनं दोन वर्तुळं काढलेली होती. दोन्ही आपल्या गोळीच्या मापाची, एकमेकांत अर्धी शिरलेली. आणि भोकाची कड दोन्हींवर तंतोतंत बसत होती.

घरी येऊन त्या दिवशीची डायरी काढली. तुम्ही चिडवायचात ना, "बीए झालेला हवालदार, शिंकला तरी लिहून ठिवतो." लिहिलं होतं: 'आज उस्तादांना मिस दिला. चेला म्हणून सोडलं, असं आता कुणी म्हणणार नाही.' बस्स. भोकाबद्दल एक शब्द नाही! कागदाजवळ उभा राहून मी कागद सोडून लोकांकडे बघत होतो. आणि त्यालाच इतकी वर्षं प्रामाणिकपणा म्हणत आलो.

पण तुम्हाला तर कळलं होतं, मग बोलला का नाहीत? वर्तुळं काढलीत, ट्रंकेत ठेवलीत आणि रोज संध्याकाळी मला चहाला हाक मारत राहिलात! हे काही बरं केलं नाहीत तुम्ही. एकदा कान धरून तो कागद पुढ्यात टाकायचा होता.

मग माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. दुसरी शंका आली. वर्तुळं काय, हरलेला माणूसही काढील. पळून धाप लागलेली, घड्याळ चालू, आणि एवढा धक्का देणारी रायफल लागोपाठ दोन गोळ्या एका जागी टाकू शकते का? हेच मला बघायचं होतं.

सरावात पहिल्या दिवशी दुसरी गोळी थेट कागदाच्या वरून गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तुमचा आवाज आठवला. "अबे, कागद कावून बगतो? पुंगळी बग. तीन पावलांवर पडली पायजे." माझ्या रिकाम्या पुंगळ्या आठ पावलांवर उडत होत्या. नळीवरची गॅसची छोटी कडी एकेक खटका फिरवत गेलो, पुंगळ्या जवळ पडत गेल्या, आणि धक्का बघा कसा मवाळ झाला! चौथ्या दिवशी एका कागदावर दोन भोकं एकमेकांना चिकटून पडली. मी तिथेच उकिडवा बसलो. गोळीचं टोक त्यांत घालून बघितलं, मागून उजेडाला धरून बघितलं. म्हणजे होऊ शकतं, उस्ताद! आणखी एक कळलं. ह्या रायफलची प्रत्येक गोळी कुठे गेली ते खांद्यालाच कळतं. तुम्हाला पेन्सिलीची गरजच नव्हती.

कालच्या स्पर्धेत मार्कर होती सुनीता, शिरूर कासारची, माझ्याच हाताखाली शिकलेली. माझ्या शेवटच्या कागदावर एकच भोक. ती थबकली. माझ्याकडे बघितलं, मग मागच्या लोकांकडे. मी तिचा चेहरा ओळखला. तो अकरा वर्षांपूर्वीचा माझा होता.

"उस्ताद," ती मला हळूच म्हणाली, "मिस देऊ का? न्हाईतर लोक म्हनतील, आपल्या मानसाला सोडलं."

"लोकांचं ऱ्हाऊ दे. भोक काय म्हणतंय?"

ती गुडघ्यांवर बसली. गोळीचं टोक घालून फिरवलं, कागद उलटा करून बघितला. मागून कुणीतरी ओरडलं, "अगं, तिथं काय शेंगा निवडायल्यास का?" तिनं मान वर केली नाही. पुरता वेळ घेऊन उठली. "एकच हाय, उस्ताद. गोल हाय. मिस."

"मिस," मी म्हणालो. कागदाबाहेर मातीत धूळ उडालेली मी पाहिली होती. घाईत शेवटच्या गोळीला घोडा मीच हिसडला. सातवा आलो. पण तिनं माझ्यासाठी केलं तेवढं मी तुमच्यासाठी केलं नव्हतं. अर्ध्या मिनिटाचं तर काम होतं!

पुढच्या महिन्यात नव्या मार्करांचा वर्ग माझ्याकडे आहे. पहिल्याच तासाला तुमचा कागद फळ्यावर लावणार. एकेकाला जवळ बोलावून विचारणार, किती गोळ्या? दोन म्हणणाऱ्यांना कसं कळलं तेही विचारणार. मग माझी डायरी उघडून ती ओळ मोठ्यानं वाचणार आणि हा मिस कुणी दिला होता ते नावासकट सांगणार. कागद नंतर नसीमाला परत. हा शब्द समजा.

तुमचा मार्कर,
भागवत