माझा खासदार आणि माझे सर

२ मार्च
खासदारानं दगा दिला! चार वर्षं या गोऱ्यावर पीएच.डी. करतेय. दोनशे वर्षांपूर्वी लंडनच्या पार्लमेंटात गिरणीतल्या लेकरांसाठी भांडलेला माणूस. आज त्याचं दुसरं भाषण वाचलं. घरचे उसाचे मळे वेस्ट इंडीजमध्ये, राबायला गुलाम. म्हणतो, आमचे गुलाम सुखात आहेत, मोकळे सोडले तर उपाशी मरतील. मेल्या! जेवण गेलं नाही.

६ मार्च
सरांना, म्हणजे गाइडना, गुलामांवरचं नवं प्रकरण दाखवलं. वाटलं, शाबासकी. जयंतीला आमच्या वस्तीत समतेवर भाषण सरच करतात.
"अगं, काळच तसा होता. काही मालक मायाळूही होते. काढ हे."
मायाळू!! डिपार्टमेंटच्या पायऱ्यांवर बसून रडले. मग रडल्याचाच राग आला.

९ मार्च
नाय काढणार. उलट तळटीप घातली. आपल्याकडचा सालगडी: पाडव्याला साल ठरतं, मग वर्षभर माणूस त्या मालकाचा. माझे वडील, आबा, गावी पाचोडला हेच करतात, सरांच्या भावाच्या मोसंबीच्या बागेत. नाव कुणाचं घेतलं नाय. पण सरांना कळेल. कळू दे.

१२ मार्च
सरांनी तळटीप वाचली. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "आबा बरे आहेत ना?"
बारावीनंतर होस्टेलला सरांनीच घातलं मला. मी विसरले नाय. तेच तर सलतंय.

१५ मार्च
आबांचा फोन. सरांचा भाऊ म्हणाला, यंदा सालाचं बघू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'बघू'. मी म्हणाले, हे सरांचंच काम. आबा भडकले.
"सरांमुळं शिकलीस तू. कोण कुठला गोरा, मेला कवाचा! त्याच्यापायी आपल्या माणसाला दुखवायलीस व्हय?"
आपलं माणूस म्हणे. फोन आपटला.

१८ मार्च
पाचोड. उद्या पाडवा. आबा लई खुशीत. साल ठरलं.
"काल सर आलते घरी. खाली सतरंजीवर बसले, चहा पिले. म्या शब्द दिला त्यांला, पोरगी ते लिवलेलं काढून टाकंल म्हणून."
मला न विचारता! सरांचं एक वेळ समजू शकते. पण आबा, तुम्ही?
बोलले तसं. आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "मला दुसरीकडं कोण ठेवंल आता, ह्या वयात?"
परवा प्रबंध जमा करायचाय. लॅपटॉप उघडून बसलेय, प्रकरण आहे तसंच आहे. आबा दोनदा दारात येऊन गेले. आता परत आलेत.
"काढलं का गं?"