विमानात मुलीचा आवाज ऐकू न आल्याबाबत

प्रति,
मा. प्रवासी तक्रार अधिकारी,
विमानसेवा कार्यालय

विषय : फोनवरील चित्रपटाचा आवाज नीट ऐकू येईल अशी सोय परतीच्या प्रवासात करण्याबाबत.

संदर्भ : विमानात शांतता राखण्यास मदत केल्याबद्दल आपण मला पाठवलेले आभारपत्र.

महोदय,

मी निवृत्त सुतार असून नातवंडे झाल्यावर लिहायला शिकलो. तरी चूकभूल समजून घ्यावी.

१. माझी धाकटी मुलगी चित्रपटातल्या नट्यांना आवाज देते. पडद्यावर तोंड दुसरीचे, बोलणे हिचे. नायिकेला तिने प्रथमच आवाज दिलेला चित्रपट सध्या फक्त आपल्या विमानांत, प्रवाशांच्या फोनवर दिसतो. "बाबा, येताना तेवढा बघा, मग घरी बोलू," असे तिने बजावले होते.

२. आपल्या कर्मचारी बाईंनी मला इअरफोन दिले. त्यांच्या स्पंजला आधीच्या प्रवाशाच्या कानातला मळ चिकटलेला होता, वर एक केसही होता. दाखवल्यावर बाई म्हणाल्या, "पुसून घ्या ना काका." मी पुसले. रुमालाचे काय झाले ते लिहीत नाही. इतके करून एक कान मुका आणि दुसऱ्यात फक्त खरखर. आरायंत्रापाशी जन्म गेला, गोंगाटाचे मला वावडे नाही, पण करवतीच्या आवाजालाही काही सूर असतो. त्यात दर थोड्या वेळाने चित्रपट थांबवून आपण अत्तराची जाहिरात ऐकवता. ती मात्र स्वच्छ ऐकू येते. खाली अक्षरे येत होती, पण माझे अर्धे वाक्य वाचून होईपर्यंत नायिका दुसऱ्या गावी पोचलेली असे. आणि मुलीचा आवाज वाचून काय करायचा?

३. वैतागून मी फोन बंद केला. शेजारच्या गृहस्थांनीही ते इअरफोन नाक मुरडून समोरच्या जाळीत टाकले होते आणि ते फोन मोठ्याने लावून बसले होते. त्यातून एक बाई सारखी भांडत होती. माझे डोके उठले. मी बाईंना बोलावून म्हणालो, "त्या कजागीण बाईचं तोंड बंद करा." त्यांनी तत्काळ बंद करवले.

४. "भांडण रंगात आलं होतं हो," म्हणत गृहस्थांनी फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर पिवळ्या रेनकोटातली नायिका होती. माझ्या फोनवर होती तीच.

५. मी त्यांना विनवले, "लावा परत. आणखी मोठ्याने लावा." ते म्हणाले, "मघाशी तुम्हीच कटकट केलीत ना काका? आता झोपा." बाईंनीही, कोणीच फोन मोठ्याने लावायचा नाही, हा नियम सांगितला. नियम माझ्यामुळेच जागा झाला होता.

६. विमानतळावर मुलीने आधी माझी पिशवी घेतली आणि विचारले, "बाबा, ऐकलंत मला?" मी म्हणालो, "ऐकलं." "कशी वाटले मी?" मी म्हणालो, "भांडखोर." तिला इतका आनंद झाला की तिथेच डोळे पुसू लागली. तेव्हापासून रोज जेवताना विचारते, शेवटच्या प्रसंगात मी रडलो का. मी मान हलवतो. आपल्या इअरफोनची किळस येते त्याहून जास्त आता माझी मलाच येते.

७. अशात आपले आभारपत्र आले. जावयाने ते कौतुकाने मोठ्याने वाचले. मुलगी म्हणाली, "बाबा, कोणाला गप्प केलंत?" मी म्हणालो, "होती एक."

तरी विनंती की, सदर आभारपत्र परत घ्यावे. पुढच्या आठवड्यात मी त्याच मार्गाने परत जात आहे. धड ऐकू येणारे, कोणाच्या कानात न गेलेले इअरफोन द्यावेत. ते आपल्याकडे नसतील, आणि नसतीलच असे वाटते, तर त्याच गृहस्थांचा पत्ता काढून त्यांना माझ्या शेजारी बसवावे, फोन मोठ्याने लावू द्यावा आणि कोणी म्हातारा तक्रार करू लागला तर त्याचे ऐकू नये. उतरल्यावर मला मुलीला फोन करून खरे सांगायचे आहे, पण आधी तिला ऐकून.

आपल्या उत्तराकडे कान लावून बसलेला,
(सही)
निवृत्त सुतार, खिडकीजवळचा प्रवासी
दिनांक : आभारपत्र आले तोच दिवस

सोबत :
१. आभारपत्र.
२. परतीच्या तिकिटाची प्रत.
३. इअरफोन, दोन पिशव्यांत बांधून. जेवणाआधी उघडू नयेत.