इच्चिणीची पाठ शाबूत होती

माय, तू मला खडीच्या ढिगाऱ्यावर इच्चिणीचं, म्हणजे विंचवाच्या मादीचं, जे टरफल दाखवलं होतंस, त्याची पाठ शाबूत होती. एवढं एकच सांगायला बसले आहे, पण हे एक वाक्य लिहिलं आणि उठून पाणी पिऊन आले. या वयात माणसाला धक्का बसायला काही उरत नाही असं मी समजत होते. उरतं, माय. मेल्यावरही उरत असेल, तर तुलाही बसू दे म्हणून लिहिते.

तो दिवस तुला आठवतो का? रोहिणखेडच्या रस्त्याचं काम निघालं होतं. महाराष्ट्र नवानवा झाला होता आणि जो तो म्हणत होता, आता रस्ता येणार. तो येणार म्हणजे तुम्ही बायांनी आधी दगड फोडायचा, हे कोणी बोलत नव्हतं. तू पदर दातात धरून बसली आहेस, डाव्या हाताच्या बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेले, म्हणजे हातोडी चुकली तर नख वाचावं. शेजारी मशिदीकडच्या आळीतली ती जाडजूड बाई, जिला आपण सगळे खाला म्हणायचो. तिचं खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उन्हातून आले आहे, कारण त्याची प्यायची वेळ झाली आणि तो रडून रडून निळा पडला आहे. तू एक धोंडा उलटवतेस आणि थबकतेस. "इकडं ये वं, पाह्य काय सापडलं." तुझ्या तळहातावर ते टरफल आहे. नांग्या आहेत, शेपूट आहे, शेपटीचा आकडासुद्धा आहे, पण आत काही नाही. ऊन त्यातून आरपार जातं आणि तुझ्या हाताच्या रेषा खालून दिसतात.

"हे इच्चीन हाय," तू म्हणालीस. "इच्या पोरायनं इले खाल्लं. पाठीकडून आंग सारं खाऊन टाकलं, टरफल ठुलं."

"जित्ती असतानी?"

"जित्तीच तं! माय हाय ना ते." आणि धाकट्याला पदराखाली घेत हसलीस, "हा पाह्य कसा ओढते. तुमीबी माह्यं असंच करता."

खाला हातोडी न थांबवता म्हणाली, "इसको खाके किसका पेट भरेंगा? हड्डीच हड्डी है!" तू एवढी हसलीस की पदर दातांतून सुटला. मग पळसाचं एक पान तोडून त्यात ते टरफल गुंडाळलंस आणि मला दिलंस. तू मला मुद्दाम म्हणून दिलेली ती एकच वस्तू. भाकर, कपडे, धपाटे, हे सगळं तर घरच्या रीतीनं मिळतच होतं. धपाटा म्हटलं की गोवऱ्यांचा उडवा आठवतो. मी न ठोकता त्यात हात घातला तेव्हा माझ्या पाठीत जो बसला होता! "आत इच्चू असते, आधी ठोक, मंग हात घाल. किती खेपा सांगू?" मी आजही साखरेचा डबा आधी ठोकते, माय. सून हसते. म्हणते, आई, फ्रिज तेवढा ठोकू नका.

कापूस वेचायला यायच्या आत तू गेलीस. आधी ताप, मग नुसतं पडून राहणं, मग तेही नाही. धाकटा तुझ्या अंगावरच होता, त्याला ओढून काढावं लागलं. अंगणात बाया बसलेल्या, आणि आत्या, बाबांची बहीण, नवऱ्यानं टाकली म्हणून आपल्याकडेच राहायची ती, भिंतीला टेकून म्हणाली, "इच्चीन होती माही भावजय. लेकरायनं खाल्लं." तिनं आमच्याकडे पाहिलं नाही. पण मी दोन्ही भावंडांना घेऊन दाराशीच उभी होते. घरामागं जाऊन मी पळसाचं पान उघडलं आणि ते टरफल पाहिलं. मला सगळं कळलं असं वाटलं. तू हसून सांगितलं होतंस ना? ते हसणं माझ्या लक्षातून पुसलं गेलं, गोष्ट तेवढी राहिली. त्या दिवसापासून मी दुसरी भाकर मागितली नाही. पोटात आग पडली तरी नाही. आत्या म्हणायची, पोरगी उपाशी राहून मरनार एक दिवस. पुढं गावातल्या गावातच माझं लग्न झालं, पहिलं लेकरू झालं. ते पहिल्यांदा अंगावर प्यायला लागलं तेव्हा कोणी पाहत नाही ना हे बघून मी हात मागे नेला आणि आपली पाठ चाचपली. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

आता काय घडलं ते ऐक. मागच्या पावसाळ्याआधी माझ्या मुलानं परसातली जुनी धोंड्यांची भिंत पाडायला काढली. एका धोंड्याखालून काळीभोर इंगळी निघाली, विंचवातली मोठी जात, आणि तिच्या पाठीवर पिल्लं. शिजलेल्या भातासारखी पांढरी, एकावर एक. मुलानं चप्पल उचलली. मी ओरडले, "मारू नको बे!" तो एवढा दचकला की चप्पल खाली टाकून मागं सरला. मी चिमट्यानं तिला धरली, लोणच्याची रिकामी काचेची बरणी आणली, तळाशी वाळू टाकली, वर जाळीचं फडकं बांधलं. सून दारात येऊन उभी. "आई, लोणच्याच्या बरणीत इच्चू?" मी म्हटलं, "लोणचं पुढच्या सालीबी घालता येईल. हे मले पाह्यचं हाय." काय पाहायचं ते तिला सांगितलं नाही. तू सांगितलेलं खरं की खोटं हे मला माझ्या डोळ्यांनी, मरायच्या आधी, पाहायचं होतं. पिल्लं तिला खाऊ लागली असती तर मी काय केलं असतं, हे मला माहीत नाही.

मी रोज ओसरीवर बरणीसमोर बसले. पिल्लं पाठीवरून हलत नव्हती. एखादं घसरून पडायचं, मग मायच्या नांगीवरून परत वर चढायचं, आणि ती नांगी जिन्यासारखी टेकवून ठेवायची. कापसाच्या बोळ्यातलं पाणी ती पीत होती. मी वाट पाहत होते, आज खातील, उद्या खातील. मग पिल्लांच्या अंगावरून कांद्याच्या पापुद्र्यासारखं काहीतरी सुटलं, ती करडी झाली, आणि एकेक करून खाली उतरली. आपापली वाळूत जाऊन बसली. आणि माय जिवंत! पाठ जशीच्या तशी, काळी, चकचकीत. नातीनं वरून झुरळ टाकलं तर तिनं ते पकडून खाल्लंही. माय, मी तिथंच फतकल मारून बसले. सुनेला वाटलं मला डसलं.

नात खामगावच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकते. माझं शिक्षण म्हणशील तर किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून अक्षरं जोडत मी वाचायला शिकले, म्हणून तिची मराठी पुस्तकं मी तिच्याआधी वाचून काढते. तिला मी टरफलाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "आजी, ती कात. साप टाकतो तशी विंचू टाकतो. समोरून, तोंडापाशी डबीचं झाकण उघडतं ना, तसं उघडतं आणि तो बाहेर येतो. पाठ फाटत नाही." मग ती सहज म्हणाली, "आणि मोठा झालेला विंचू कात टाकत नाही. म्हणजे तुझ्या आईला सापडली ती आई नव्हतीच. वाढत्या पिल्लाची होती." मी डोळे मिटले तर तुझा तळहात समोर आला. पाठ शाबूत. कुठं भोक नाही, कुठं दाताची खूण नाही. सापाची कात आपण बांधावर दर साली पाहत होतो, आणि आपल्याला सुचलं नाही! एक लेकरू मोठं व्हायला निघून गेलं होतं, आणि आपण त्याचं झबलं हातात धरून म्हणालो, माय मेली.

मग मला चटकच लागली. माय, हे गणगोत केवढं मोठं आहे, तुला सांगू? विंचू, कोळी, गोचीड, सगळी आठ पायांची, एका कुळातली. बैलाच्या कानातली गोचीड तू नखानं काढायचीस, ती विंचवाची चुलत बहीण! वांग्याच्या पानामागं लाल ठिपके पडायचे आणि आत्या मीठ-मिरची उतरवायची, ती दृष्ट नव्हती, तो लाल कोळी होता, डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढा. मृगाचा मखमली किडा आम्ही काडेपेटीत पाळायचो, तोही त्यांचाच. तिळाच्या फुलात फुलाच्याच रंगाचा एक कोळी पुढचे पाय नांग्यांसारखे पसरून बसतो. खिडकीवरचा एक उड्या मारणारा आहे, तो जाळं विणतच नाही. मी बोट पुढं केलं तर मान वळवून माझ्याकडे पाहतो, थेट पाहतो गं, शेजारीण पाहते तसा. आणि सगळ्यात वर, नात म्हणाली, आपल्या पापण्यांच्या मुळाशी यांच्यातलेच बारीक जीव राहतात. साऱ्यांच्या. गालाला गाल लागला की मायकडून लेकराकडे येतात. मी आरसा घेऊन उन्हात बसले, काही दिसलं नाही. तुझ्याकडून नाक आलं असं सगळे म्हणायचे, एवढंच मला माहीत होतं.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं. साठ वर्षांचं ओझं उतरलं होतं. त्या दिवशी मी जेवताना दुसरी भाकर मागून घेतली आणि सून माझ्याकडे बघतच राहिली. पण नात म्हणाली, "आजी, आईला खाणारी लेकरंच बघायची असतील तर विंचू कशाला? शेताच्या धुऱ्यावरच्या बोरीवर बघ."

ती बोर तुझ्या वेळची नाही, त्या जुन्या बोरीच्या मुळातून फुटलेली आहे. पण तिच्यावरचं ते मळकट फडक्यासारखं जाळं तसंच आहे, वाळकी पानं गुंतलेलं, आत शेकड्यानं करडे कोळी एकत्र राहतात ते. तुझं बोट हातोडीखाली फुटलं होतं तेव्हा आत्यानं धावत जाऊन तेच जाळं ओढून आणलं होतं आणि जखमेवर चिकटवलं होतं. रक्त थांबलं होतं. तेव्हापासून तू बोरीला कुणाला दगड मारू देत नव्हतीस. नातीनं काडीनं जाळं जरा उघडून दाखवलं. आत बारीक पिल्लं, आणि त्यांच्या मधे सुकलेली, पोकळ, चिपाड झालेली मोठी अंगं. "आधी ती आपल्या पोटातलं त्यांना भरवते," नात सांगत होती. "ते संपलं की अंग देते. पळत नाही, झटकत नाही."

"जित्ती असतानी?" माझ्या तोंडून निघालं, आणि तो आवाज माझा नव्हता, कडेवर धाकटा घेतलेल्या पोरीचा होता.

"जिवंतच, आजी. आणि नुसती आईच नाही. जिनं अंडी घातली नाहीत तीसुद्धा. एका जाळ्यातल्या मावश्या म्हण, आत्या म्हण. त्याही भरवतात, त्यांनाही खातात."

माय, मी बोरीच्या काट्यांत हात घातला आणि धरून उभी राहिले. काटे लागले ते घरी आल्यावर कळलं.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात आत्या खडीवर गेली. तुझ्या जागेवर बसली, तुझीच हातोडी, तुझ्याच ट्यूबचे तुकडे बोटांना. खाला म्हणाली म्हणे, "अब इसकी बारी." धाकट्याला तिनं शेळीच्या दुधाचा बोळा चोखवून जगवला. तिच्यासाठी पाहुणे आले होते, पाटाचं, म्हणजे दुसऱ्या लग्नाचं विचारायला, बीबी गावाकडचा कोणी बिजवर, घरचा चांगला. तिचं वय काय होतं तेव्हा? माझ्या नातीपेक्षा चार पावसाळे जास्त. ती चुलीपाशीच बसून राहिली, आणि बाबांना आतूनच ओरडली, "अन् या लेकरायचं काय? तुमी पाजता का त्यायले?" पाहुणे चहा पिऊन गेले. आमची लग्नं तिनं लावली. ताटात काही उरलं तर जेवायची, आणि आम्ही वाढती तिघं, उरणार काय? शेवटी ती खाटेवर होती तेव्हा माझ्या मुलानं तिला एका हातानं उचललं होतं. आता वाटतं, अंगणात भिंतीला टेकून ती बोलली, ते तुझ्याबद्दल नव्हतंच, तिच्या स्वतःबद्दल होतं. समोर दारात आम्ही तिघं उभे होतो आणि तिला पुढचं सगळं दिसलं होतं. म्हणून तिनं आमच्याकडे पाहिलं नाही. आणि तरी ती पळाली नाही.

इंगळीला मी शेताच्या कडेच्या धोंड्यांत सोडून दिलं, बरणी धुऊन उन्हात ठेवली. सून म्हणते त्यात लोणचं घालणार नाही. तिचंही खरं आहे.

हे कागद टपालात टाकायला पत्ता तर नव्हताच, आता वर नाव कोणाचं घालावं तेही कळेना. सुरुवातीला माय लिहिलं ते तुलाच लिहिलं. पण लिहिता लिहिता, बोरीपाशी कुठंतरी, माझ्यासमोरचा चेहरा आत्याचा झाला होता. खरं सांगते, रागावू नको. तुझा चेहरा मला आठवत नाही. कितीतरी वर्षं झाली, आठवत नाही. तुझा तो तळहात तेवढा आठवतो, आणि त्यावर ते टरफल, आरपार ऊन जाणारं.