डब्याची उचकी

२ मार्च २०२४, शनिवार
आधी कोण टपकलं असेल? चंपाबाई! श्रीनिवासची गाडी फाटकाशी लागायची खोटी, शेजारीण झारा हातात घेऊनच हजर. तिकडं कढईत भजी जळत असतील, पण हिला इथं काय उतरलं ते बघायचं. किती इंची हो, म्हणाली. टीव्ही वाटला तिला. मी म्हटलं, टीव्ही नाय, सर्व्हर. शब्द मलाही पाच मिनिटांपूर्वीच कळला होता, पण ते तिला कशाला सांगा.

तर गोष्ट अशी. आमचे घरचे सगळे फोटो आतापर्यंत इंटरनेटवाल्या कंपनीकडं होते. कंपनी म्हणे त्यात डोकावते, अन् उद्या भाडं वाढवते. श्रीनिवास चिडला. म्हणाला, आपल्या घरचं आपल्या घरात पाहिजे, आई. मी हेच सांगत आले जन्मभर, फक्त माणसांबद्दल. असो. पुण्याच्या फ्लॅटमध्ये सुनेला, उमाला, डब्याची घरघर चालेना, म्हणून फोटो साठवायचा हा डबा इथं. यांच्या खोलीत, यांच्याच टेबलावर. हे जाऊन तीन वर्षं झाली, आता निदान यांचे फोटो तरी यांच्या खोलीत आले.

पुढं हिरवा दिवा आहे, तो कशाचा विचारलं. श्रीनिवासचा एक पाय गाडीत होता. म्हणाला, कोणी काही बघत असलं की लुकलुकतो.
म्हणजे उचकीच की! आठवण काढली की लागते तशी. उमा हसली.
चहा न घेताच गेले. मे महिन्यात राहायला येऊ म्हणाले. आता काय, डबा आहे म्हटल्यावर यावंच लागणार.

४ मार्च, दुपार
उचकी लागली! बरोब्बर तीनला. दिवा नुसता थरथरत होता.

७ मार्च
रोज तीनलाच. मी ताडलं. श्रीनिवासच्या ऑफिसात चहाची वेळ. चहा घेता घेता वडिलांचे फोटो बघतो. हे गेले तेव्हा पोरगं रडलं नव्हतं, उमाकडची माणसं कुजबुजली होती. आता कळू द्या त्यांना.
ठरवलं: तीनचा चहा मीही डब्यासमोरच घ्यायचा. मायलेकरांचा चहा.

१८ मार्च
परवा गुलमंडीच्या बाजारात जाऊन निळी मखमल आणली, जरीच्या काठाची. डब्याला झाकण शिवलं. हळदकुंकू वाहिलं. तासाभरात डबा तव्यासारखा तापला अन् मुका झाला. फोन केला तर श्रीनिवास म्हणतो, आई, त्याला साडी नेसवू नको. साडी कुठं होती, झाकण होतं! पण हे बटण दाब, ते धर असं करत चांगला पाव तास बोलला. एरवी जेवलीस का, बरं आहे का, ठेवतो.
अधूनमधून तापला डबा तर वाईट नाय.

२६ मार्च
श्रीनिवासनं डबा टीव्हीला जोडून दिलाय, त्यावर नवा फोटो आला. नात ओवी, रंगानं माखलेली, दात तेवढे पांढरे. चंपाबाईला हाक मारून दाखवला. तिनं दोनदा बघितला. मी अकरा वेळा.

९ एप्रिल, पाडवा
ऊन लई. नळाला आठव्या दिवशी पाणी म्हणतात, नववा उजाडला. श्रीनिवासनं बजावलं होतं खोली गार ठेव, म्हणून हॉलमधला कूलर डब्याच्या खोलीत नेला. कूलर दिवसाला दोन बादल्या पितो.
ठरवलं: एकच बादली घालायची. दोनच घातल्या.
गुढीचा फोटो नाय आला. काढला नसेल. पुण्यात गुढी उभारायला जागा कुठं असते.

२१ एप्रिल
यंदा कुरडया नाहीत. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, एवढं पाणी कुठून आणू? ओवीला कुरडई आवडते. पण डबा जगला तर ओवी दिसेल, कुरडई काय पुढच्या साली.
चंपाबाई म्हणाली, अहो वहिनी, माणसं आंघोळीचं पाणी झाडाला घालायलेत, अन् तुम्ही डब्याला पाजायलात व्हय? मी म्हटलं, ज्याच्या घरी आहे त्याला कळतं.

२८ एप्रिल
चंपाबाईनं मुद्दाम मोबाईल पुढं धरला. ओवीचा वाढदिवस, केक, फुगे, उमानं स्टेटसला लावलेले फोटो. तुमच्या डब्यात आले असतील ना कधीचेच, म्हणाली. गोड आवाजात.
मी म्हटलं, कंपनीचे फोटो धावत येतात, आमचे घरचे आहेत, सावकाश येतात.
रात्रीपर्यंत टीव्ही लावून बसले. होळीचाच फोटो. दात पांढरे.
तीनची उचकी मात्र चुकली नव्हती.

१४ मे
टँकरवर भांडण झालं. माझ्या वाट्याला पाच बादल्या. दोन कूलरला. आंघोळ दिवसाआड केली की हाडाला चांगली असते. तुळस गेली. मी हॉलमध्ये झोपते, घाम निघाला की अंगातलं वाईट बाहेर पडतं.
दुपारी सव्वातीनला श्रीनिवासला फोन लावला, आज कोणता फोटो बघितला म्हणून. दोनपासून मीटिंगमध्ये आहे म्हणाला, ठेवला. पण तीनला उचकी लागली होती! म्हणजे मीटिंगमध्ये लपून बघतो. लहानपणापासून असाच चोरटा.

२७ मे
खोली झाडली. गाद्या उन्हात टाकल्या. शनिवारी येतायत. राहतील चार दिवस.

१ जून, शनिवार
आले. दुपारी अडीचला. ओवी नव्हती, तिचा क्लास. एका लग्नाला आले होते, तिथूनच वाकडी वाट केली. पिशवी एकच, ती पण रिकामी.

श्रीनिवास सरळ खोलीत गेला. डबा उघडला. आत गंज. म्हणाला, आई, कूलरचा ओलावा लागला ह्याला. मग म्हणाला, असू दे, तसंही पाडव्यापासून आम्ही सगळे परत कंपनीकडंच आहोत. उमाच्या मोबाईलवर इथले फोटो उघडायचेच नाहीत, फार वेळ लागायचा. पैसे घेतात, पण कटकट नाही. बाबांचेही तिकडं नेलेत, काळजी करू नकोस.

मी विचारलं, मग तीनला?
तो म्हणाला, तीनला काय?
मी म्हटलं, दिवा.
तो म्हणाला, ते मीच लावून ठेवलंय. डबा रोज तीनला स्वतःच स्वतःला तपासतो. सगळं ठीक आहे ना बघतो. कोणी बघत नसलं तरी.
उमा खाली बघायला लागली. मी चहा ठेवायला उठले.

चहा होईस्तोवर त्यानं वायर काढली होती, डबा पिशवीत. कोण्या मित्राला द्यायचाय, दुरुस्त करून.
मी म्हटलं, आज शनिवार. लोखंड आहे ते.
उमा म्हणाली, आई, शनिवारी लोखंड घरात आणत नसतात, बाहेर न्यायला काय?
मी म्हटलं, आमच्या माहेरी, वैजापूरला, नेतही नाहीत.
श्रीनिवास म्हणाला, आणला तेव्हाही शनिवारच होता.
मी म्हटलं, म्हणून तर असं झालं.
तो हसला. घड्याळ बघितलं. बरं, पुन्हा येऊ तेव्हा नेतो, म्हणाला. मोबाईलमध्ये बोट फिरवून तारीख सांगितली, तेरा जुलै. ओवीलाही आणतो म्हणाला. चहा मात्र घेतला दोघांनी.

गाडी वळली तशी वायर परत लावली. कूलरमध्ये बादली ओतली.
मग भिंतीवरचं कॅलेंडर उलटून बघितलं. तेरा जुलै, शनिवार.